‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’ असा मेल आला तर

२००२ सालच्या उन्हाळ्यात सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानातून मला फोन आला. हळदीच्या सौद्यांचे दिवस, पेढीवर पाय ठेवायला जागा नाही, आणि दिवाणजी म्हणत होते, ‘लगेच या. सगळ्या मशिनींत अस्वल निघालंय.’

मी पोचलो तोवर त्यांनी चारपैकी तीन कॉम्प्युटरांतून ते अस्वल काढून टाकलं होतं. चौथ्यावर शोध चालू होता आणि शेजारी मेलचा छापलेला कागद ठेवलेला. कागदात लिहिलं होतं की जेडीबीजीएमजीआर डॉट ईएक्सई नावाची फाइल शोधा, तिच्यासमोर राखाडी अस्वलाचं चित्र दिसेल, दिसलं की ती उडवा आणि रिसायकल बिनही रिकामा करा. हा व्हायरस कुठल्याच अँटिव्हायरसला सापडत नाही, १४ दिवस गप्प बसतो आणि मग सगळं नासवतो. अ‍ॅड्रेस बुकमधल्या प्रत्येकाला कळवा. दिवाणजींनी कळवलंही होतं. इरोड, निजामाबाद, मुंबई, जिथे जिथे पेढीचा हळदीचा व्यवहार होता तिथल्या सगळ्यांना.

ती फाइल मायक्रोसॉफ्टची स्वतःची होती. जावा भाषेत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या उपयोगाचं एक लहानसं साधन, त्या काळच्या विंडोजबरोबर आपोआप येणारं. तिचं चित्रच अस्वलाचं होतं. म्हणून ज्याने शोधलं त्याला ते सापडलं, आणि सापडलं म्हणून मेल खरा वाटला. तिच्यावाचून पेढीचं काही अडलं नाही, हे नशीब. पण पैशापैशाचा ताळा लागल्याशिवाय घरी न जाणाऱ्या त्या माणसाने, कोणीतरी लिहिलेल्या चार ओळींवर भरवसा ठेवून, स्वतःच्या हाताने फाइली उडवल्या होत्या आणि स्वतःच्या हाताने तो मेल पसरवला होता. व्हायरसला जे करायचं असतं ते सगळं त्यांच्याकडून करून घेतलं गेलं होतं.

त्यानंतर इतकी वर्षं मी सांगली-मिरजेतल्या पेढ्या, दवाखाने, शाळा, द्राक्षबागायतदारांची घरं इथले कॉम्प्युटर सांभाळतोय. असे इशारे बंद झालेले नाहीत. पूर्वी ते फक्त घाबरवायचे, आता घाबरवून पैसे नेतात. म्हणून जे मी गिऱ्हाइकांना समोर बसून सांगतो ते इथे क्रमाने लिहितो आहे.

पहिलं काम: काहीच करू नका

माऊसवरून हात काढा. मोबाइल असेल तर खाली ठेवा. हे सांगायला सोपं आहे, पण इशाऱ्याचा सगळा जोर घाई करवण्यावरच असतो, त्यामुळे ही पायरी सर्वांत अवघड जाते.

‘मेल उघडला, आता काय होईल?’ ही भीती बहुतेकांच्या मनात असते. ती कुठून आली ते समजलं तर निम्मी कमी होते. १९९४च्या डिसेंबरात अमेरिकेत ‘गुड टाइम्स’ नावाच्या व्हायरसचा इशारा फिरला. या विषयाचा मेल नुसता वाचला तरी हार्ड डिस्क पुसली जाते, असं त्यात होतं. असा व्हायरस नव्हताच. तेव्हाचे मेल म्हणजे साधी अक्षरं असायची आणि अक्षरं वाचल्याने काही चालू होत नाही. पुढे १९९९मध्ये ‘बबलबॉय’ नावाचा एक खरा नमुना निघाला, जो आउटलुक या मायक्रोसॉफ्टच्या मेल वाचायच्या प्रोग्रॅममध्ये मेल नुसता उघडल्यावर किंवा आउटलुक एक्स्प्रेसच्या प्रिव्ह्यूत दिसल्यावर चालू व्हायचा. म्हणजे ही भीती अगदीच बिनबुडाची म्हणता येत नाही. पण ते भोक मायक्रोसॉफ्टने बुजवलं. आज अपडेट असलेल्या ब्राउझरमध्ये किंवा जीमेलच्या अ‍ॅपमध्ये मेल वाचून थांबलात तर बहुधा काहीच होत नाही. धोका पुढे सुरू होतो: जोडलेली फाइल उघडण्यात, लिंक दाबण्यात, फोन लावण्यात. तेव्हा श्वास घ्यायला वेळ आहे.

दुसरं काम: मेल तुम्हाला काय करायला सांगतोय ते बघा

मेल कोणाचा, भाषा कशी, हे सगळं नंतर. आधी त्यातली मागणी शोधा. माझ्या अनुभवात खोट्या इशाऱ्यांच्या मागण्या तीनच असतात, आणि मागणी ओळखली की पुढचं बरंच सोपं होतं.

*‘सगळ्यांना पाठवा.’* हा सर्वांत जुना प्रकार. ‘गुड टाइम्स’मध्ये हीच मागणी होती. २००६च्या आसपास ‘ऑलिम्पिक टॉर्च’चा इशारा फिरला: ‘इन्व्हिटेशन’ नावाचा मेल उघडला की ऑलिम्पिकची मशाल पेटते आणि सी ड्राइव्ह अख्खा जळतो, असं सीएनएनने जाहीर केलंय आणि मायक्रोसॉफ्टने याला सर्वांत विध्वंसक व्हायरस ठरवलंय. दोघांनीही असं काही म्हटलेलं नव्हतं. आता हाच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, फक्त मशालीच्या जागी ‘मार्टिनेली’ नावाचा व्हिडिओ किंवा ‘डान्स ऑफ द पोप’ असतो. मध्यंतरी ‘शुभ सकाळची चित्रं उघडू नका, त्यांत चिनी हॅकरांनी कोड लपवलाय’ हेही आलं. मूळ साचा तोच.

या प्रकारात लिंक नसते, फाइल नसते, म्हणून लोक म्हणतात, ‘पाठवला तर बिघडलं काय?’ हिशोब करून बघा. तुम्ही २० जणांना पाठवला, त्या प्रत्येकाने २० जणांना, तर पाचव्या फेरीला ३२ लाख मेल होतात. शिवाय ‘टू’च्या रकान्यात सगळे पत्ते टाकून पाठवलेला मेल दहा हात फिरला की त्याच्या पोटात शंभरेक माणसांचे चालू पत्ते गोळा झालेले असतात. असा मेल चुकीच्या माणसाच्या हाती पडला की त्या सगळ्यांना फसवे मेल सुरू होऊ शकतात. आणि दहा खोटे इशारे वाचून कंटाळलेला माणूस अकरावा खरा इशाराही न वाचता उडवतो. मला सर्वांत जास्त काळजी या शेवटच्या गोष्टीची वाटते.

एक बाब प्रामाणिकपणे सांगायला हवी. ‘व्हायरस कधीच मशीन बिघडवू शकत नाही’ असं मीही पूर्वी ठासून सांगायचो. ते पूर्ण खरं नाही. सीआयएच नावाच्या व्हायरसने २६ एप्रिल १९९९ला अनेक मशिनींच्या मदरबोर्डवरच्या बायॉसमधला, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधला, मजकूर पुसला आणि ती मशिनं चालूच होईनात. पण मशाल पेटते, प्रोसेसर जळतो, स्क्रीन फुटते असल्या वर्णनांना त्याने काही आधार मिळत नाही.

*‘हे स्वतःच्या हाताने करा.’* अस्वलाचा मेल या जातीचा. त्याच्या आदल्या वर्षी, २००१मध्ये, एसयूएलएफएनबीके डॉट ईएक्सई या फाइलीबद्दल असाच इशारा फिरला होता. तीही विंडोजचीच, फाइलींची लांब नावं जपून ठेवणारी. त्यातली गुंतागुंत लक्षात घेण्यासारखी आहे: त्याच सुमारास ‘मॅजिस्टर’ नावाचा खरा व्हायरस मशिनीतल्या फाइलींना लागण करून त्या मेलने पाठवायचा, आणि कधीकधी ही फाइलही पाठवली जायची. कोणाला तरी खरोखरच लागण झालेली प्रत आली असणार, आणि त्यावरून ‘ही फाइल म्हणजेच व्हायरस’ असा समज पसरला असावा. खोट्या इशाऱ्यामागे असा खऱ्याचा एखादा कण असतो, म्हणून तो शहाण्यालाही पटतो.

हा प्रकार जुना झाला असं समजू नका. २०२४पासून त्याचं नवं रूप जोरात आहे. मेलमधली लिंक एका पानावर नेते. पान सांगतं की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये दोष सापडलाय, किंवा तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करा. त्यासाठी विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. तुम्ही फक्त तीनदा बटणं दाबता. पण त्या पानाने तुमच्या नकळत एक आज्ञा कॉपी करून ठेवलेली असते. कंट्रोल-व्हीने ती चिकटते आणि एंटरने चालू होते. अँटिव्हायरसलाही ते पकडणं जड जातं, कारण आज्ञा मालकानेच दिलेली असते. कुठलंही खरं संकेतस्थळ तुमची ओळख पटवायला असली बटणं दाबायला लावत नाही. एवढं घरातल्या मुलांना आणि ऑफिसातल्या प्रत्येकाला आजच सांगून ठेवा.

*‘या नंबरवर फोन करा’ किंवा ‘इथे लॉगिन करा.’* पैसे जातात ते इथे. नॉर्टन, मॅकॅफी अशा ओळखीच्या नावाने बिल येतं: तुमचं अँटिव्हायरस आपोआप नूतनीकरण झालं, खात्यातून अमुक डॉलर वजा होतील, रद्द करायचं असल्यास २४ तासांत या नंबरवर फोन करा. मेलमध्ये लिंक नाही की संशयास्पद फाइल नाही, नुसता नंबर. त्यामुळे स्पॅमची चाळणी त्याला सहज सोडते.

फोन केला की पलीकडचा माणूस अतिशय अदबीने बोलतो आणि एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरसारखं, दुरून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं साधन घ्यायला सांगतो. ही साधनं स्वतः चांगली आहेत, मीही वापरतो. पण ते घालून पलीकडच्याला त्यात दिसणारा आकडा सांगणं आणि परवानगी देणं म्हणजे तिजोरीची किल्ली देण्यासारखंच आहे. मग तो ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून लाल-पिवळ्या खुणांच्या शेकडो ओळी दाखवतो आणि म्हणतो, ‘बघा, एवढे व्हायरस.’ तसल्या ओळी नव्याकोऱ्या मशिनीतही असतात, त्या विंडोजच्या रोजच्या नोंदी आहेत. दुसरी युक्ती याहून पटणारी. काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) एक आज्ञा टाकून ८८८डीसीए६०ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक दाखवायचा, तोच क्रमांक फोनवर वाचून दाखवायचा आणि म्हणायचं, ‘हा तुमच्या कॉम्प्युटरचा खास नंबर, आमच्याकडे नोंद आहे.’ तो क्रमांक प्रत्येक विंडोजमध्ये तोच असतो. माझ्या मशिनीत आहे, तुमच्याही असेल.

‘तुमच्या मेलबॉक्समध्ये व्हायरस सापडला, खातं बंद होऊ नये म्हणून पासवर्ड टाका’ हाही याच घरातला. तसंच पोलिसांच्या किंवा केंद्रीय गुन्हे यंत्रणांच्या नावाने येणारी ‘तुमच्या कॉम्प्युटरवरून अश्लील मजकूर पाहिला गेला’ अशी शिक्क्यासह पत्रं. ती खोटी असल्याचं केंद्र सरकारच्या पीआयबी या प्रसिद्धी कार्यालयाच्या फॅक्ट चेक विभागाने पुन्हा पुन्हा सांगितलंय.

तिसरं काम: मजकूर पुन्हा वाचा, या वेळी शांतपणे

आता तारीख शोधा. खोट्या इशाऱ्यात ‘काल सकाळी जाहीर झालं’, ‘आत्ताच कळलं’ असं असतं. ते काल कधीचं याचा पत्ता नसतो, म्हणून तोच मेल दहा वर्षं ताजा राहतो. मोठ्या संस्थेचं नाव असतं, पण तिने ते कुठे सांगितलं हे नसतं. ‘गुड टाइम्स’ने तर एफसीसीचं नाव घेतलं होतं, हे अमेरिकेतलं रेडिओ, टीव्ही आणि टेलिफोनवर देखरेख करणारं खातं. ‘आजवरचा सर्वांत भयंकर’, ‘यावर उपाय नाही’ ही शब्दकळा ठरलेली.

उपाय नाही, हीच मोठी खूण आहे. खरा इशारा देणारा उपाय सांगायलाच आलेला असतो. २०१७च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ने जगभरातल्या मशिनींतल्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागायला सुरुवात केली, तेव्हाचे खरे इशारे आठवून बघा. विंडोजच्या कुठल्या आवृत्त्यांना धोका आहे, कुठलं भोक वापरलं जातंय, मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला दिलेल्या कुठल्या अपडेटने ते बुजतं, सगळं क्रमांकासह लिहिलेलं होतं. ‘वीस जणांना पाठवा’ असं त्यात कुठेच नव्हतं.

आपल्या देशात हे काम सर्ट-इनकडे आहे. २००४पासून चालणारी, केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाखालची ही संस्था. तिच्या प्रत्येक सूचनेला सीआयव्हीएन किंवा सीआयएडी अशा अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो, तारीख असते आणि धोक्याची पातळी दिलेली असते. मेलमध्ये सर्ट-इनचं नाव आहे पण क्रमांक नाही, तर थांबा. क्रमांक असला तरी तो त्यांच्या संकेतस्थळावर जाऊन जुळवा.

कधीकधी उलटही होतं. विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ला संपला ही बातमी खरी होती, पण सांगलीच्या विश्रामबागेतले एक निवृत्त शिक्षक ती खोटी समजून बसले होते. खरी-खोटी ठरवायला त्यांना मेल पुन्हा वाचायची गरज नव्हती. सेटिंगमध्ये विंडोज अपडेट उघडलं की तिथेच दिसतं.

चौथं काम: पडताळणी, पण मेलच्या बाहेर जाऊन

नियम एकच: मेलने दिलेल्या वाटेने मेलची खात्री करायची नाही. त्यातली लिंक नको, त्यातला नंबर नको. सौद्यात मालाची परीक्षा विकणाऱ्याच्या शब्दावर होत नाही, पोत्यातली हळकुंडं मोडून बघतात, तसंच इथे.

मेलमधलं एखादं खास वाक्य किंवा फाइलीचं नाव उचला आणि गूगलमध्ये त्याच्यापुढे ‘होक्स’ (म्हणजे अफवा) किंवा ‘फॅक्ट चेक’ लिहून शोधा. जुना मजकूर असेल तर पहिल्या काही निकालांतच तो कधीपासून फिरतोय ते कळतं. हे दोन मिनिटांचं काम आहे आणि दहापैकी बहुतेक वेळा इथेच प्रश्न संपतो.

अँटिव्हायरस कंपनीचं नाव असेल तर पत्ता स्वतः टाइप करून त्या कंपनीच्या संकेतस्थळावर जा, किंवा मशिनीतलं अँटिव्हायरस उघडून त्याची मुदत तिथेच बघा. आपल्याकडे बऱ्याच पेढ्यांत पुण्याच्या क्विक हीलचं असतं. ज्यांनी नॉर्टन घेतलेलंच नाही त्यांना त्याचं बिल आलं तर प्रश्नच मिटला.

लिंक कुठे नेते हे न दाबता बघता येतं. कॉम्प्युटरवर माऊस लिंकवर नुसता न्या, खाली डाव्या कोपऱ्यात खरा पत्ता दिसतो. मोबाइलवर लिंक दाबून धरा. पत्ता वाचायचा तो उजवीकडून: सुरुवातीच्या एचटीटीपीएसमागच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढे जी पहिली रेघ येते, तिच्या आधीचा शेवट आधी. भारत सरकारची बहुतेक स्थळं जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इनने संपतात. सर्ट-इनचं स्वतःचं स्थळ मात्र सर्ट-इन डॉट ओआरजी डॉट इन आहे. सुरुवातीला सर्ट-इन आणि शेवटी भलतंच काही असेल तर ते दुकान दुसऱ्याचं.

पाठवणाऱ्याच्या नावावर बोट ठेवलं की त्यामागचा खरा पत्ता उघडतो. ‘मायक्रोसॉफ्ट सपोर्ट’ नावामागे कोणाचा तरी साधा जीमेलचा पत्ता निघाला की पुढे बघायला नको. ज्यांना खोलात जायचंय त्यांनी जीमेलमध्ये तीन टिंबांवर जाऊन ‘शो ओरिजिनल’ उघडावं. तिथे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या पाठवणाऱ्याच्या पत्त्याच्या तीन तपासण्यांपुढे ‘पास’ असेल तर मेल त्या पत्त्यात ‘@’नंतर ज्याचं नाव आहे त्याच्याच व्यवस्थेतून निघाला एवढं ठरतं. आतला मजकूर खरा की खोटा हे त्यावरून ठरत नाही. तुमच्या सख्ख्या भावाने भाबडेपणाने पाठवलेला खोटा इशाराही तिन्ही ठिकाणी पास होतो.

मेलमध्ये एखादी फाइल व्हायरस आहे असं म्हटलंय आणि ती खरंच मशिनीत दिसते, तर उडवू नका. तिच्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा, डिजिटल सिग्नेचरमध्ये कोणाचं नाव आहे ते पाहा, मग व्हायरसटोटल या मोफत स्थळावर ती तपासा. तिथे एकाच वेळी अनेक कंपन्यांची इंजिनं फाइल तपासतात. एकदोघांनी लाल दाखवलं तर घाबरून जाऊ नका, बऱ्याच जणांनी दाखवलं तर गांभीर्याने घ्या. पण एक सक्त सूचना: टॅलीचा डेटा, रुग्णांचे रिपोर्ट, कराराचे कागद तिथे कधीही चढवू नका. चढवलेली फाइल इतर सुरक्षा कंपन्यांनाही उपलब्ध होते.

पाचवं काम: पाठवणाऱ्याला उत्तर

अनोळखी पत्त्यावरून आला असेल तर उत्तर द्यायचं नाही. जीमेलमध्ये तीन टिंबांवरून ‘रिपोर्ट फिशिंग’ दाबा आणि विसरा. ओळखीच्या माणसाने पाठवला असेल तर मात्र स्पॅम दाबू नका, नाहीतर उद्या त्याचे कामाचे मेलही तुमच्याकडे स्पॅममध्ये पडतील. नुसता उडवा.

पण ओळखीच्या माणसाला सांगायला हवंच, नाहीतर तो पुढचाही पाठवेल. कसं सांगायचं यावर मी बराच विचार केलाय, कारण सुरुवातीला माझ्याकडून चुका झाल्या. एका गिऱ्हाइकाच्या मेलला मी ‘रिप्लाय ऑल’ करून हे खोटं असल्याचं चाळीस जणांसमोर लिहिलं. माहिती बरोबर होती. पण ते गृहस्थ वयाने माझ्या वडिलांएवढे होते आणि काळजीपोटी त्यांनी सगळ्यांना सावध केलं होतं. पुढे सहा महिने त्यांनी मला फोन केला नाही, आणि त्या काळात त्यांच्या मशिनीत खरा व्हायरस शिरला तो त्यांनी तसाच सोसला. तेव्हापासून मी फक्त त्या एकाच माणसाला उत्तर देतो. वडीलधारे असतील तर लिहीत नाही, फोन करतो. लिहायचंच झालं तर असं काहीतरी:

‘अण्णा, नमस्कार. तुमचा मेल मिळाला. आठवणीने कळवलंत, बरं वाटलं. मी चौकशी केली. हा मजकूर बरीच वर्षं फिरतोय आणि तसा व्हायरस नाही. ज्यांना पाठवला असेल त्यांना तुमच्याकडूनच एक ओळ गेली तर बरं, म्हणजे कोणी फाइल उडवणार नाही. पुढे असं काही आलं तर आधी मला फोन करा, मी बघून सांगतो.’

दुरुस्ती त्यांच्याकडूनच जाऊ द्यावी. त्यांचा मान राहतो आणि लोक त्यांचं ऐकतातही. त्यांना नवा मेल लिहायला शिकवा आणि सगळे पत्ते ‘बीसीसी’च्या रकान्यात टाकायला दाखवा, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही.

पेढीत किंवा शाळेत एक माणूस ठरवून टाका. कसलाही इशारा आला की तो फक्त त्या माणसाकडे जाईल, दुसऱ्या कोणाकडेही नाही. तो माणूस तज्ज्ञ असायची गरज नाही. वरची पडताळणी करायची सवड आणि ‘अजून कळलं नाही, थांबा’ म्हणायची तयारी असली की पुरे.

स्क्रीनवर येणारे इशारे

मेलमधली लिंक चुकून दाबली की अनेकदा पूर्ण स्क्रीन भरून निळं-लाल पान येतं, भोंगा वाजतो, नंबर झळकतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या संदेशात फोन नंबर कधीच नसतो, हे त्या कंपनीनेच सांगितलेलं आहे. एस्केप दाबून धरा, नाहीतर एफ११, नाहीतर ऑल्ट-एफ४. काहीच चाललं नाही तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडताना ‘रिस्टोअर’ विचारलं तर नको म्हणा.

कोपऱ्यात सारखे ‘व्हायरस सापडला’ असे चौकोन येत असतील तर बहुधा कधीतरी एखाद्या स्थळाला ‘अलाउ’ दाबलेलं असतं. क्रोमच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी, मग साइट सेटिंग, मग नोटिफिकेशन्स, आणि तिथलं अनोळखी नाव काढून टाका.

हातून होऊन गेलं असेल तर

नुसता फॉरवर्ड केला असेल तर त्याच लोकांना आजच दुरुस्ती पाठवा. फाइल उडवली असेल तर रिसायकल बिनमधून ‘रिस्टोअर’ करा. बिनही रिकामा केला असेल आणि फाइल विंडोजची असेल, तर कमांड प्रॉम्प्ट ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडून एसएफसी, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि स्कॅननाउ असं इंग्रजीत टाइप करा. विंडोज स्वतःच्या मोडलेल्या फाइली शोधून परत बसवतं. वेळ लागतो, मधेच बंद करू नका.

जोडलेली फाइल उघडली किंवा वर सांगितलेली विंडोज-आर, कंट्रोल-व्ही, एंटर ही बटणं दाबली असतील, तर आधी इंटरनेट तोडा: वायर काढा, वायफाय बंद करा. मग पूर्ण स्कॅन. सर्ट-इनच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या सीएसके डॉट जीओव्ही डॉट इन या स्थळावर सफाईची मोफत साधनं मिळतात, ती दुसऱ्या मशिनीवरून उतरवून घ्या. बॅकअपची डिस्क या काळात अजिबात जोडू नका. टॅलीचा बॅकअप रोज घेऊन डिस्क काढून ठेवायची सवय ज्यांना आहे, त्यांना या प्रसंगी निम्मी काळजी नसते.

कोणाला मशिनीचा ताबा दिला असेल तर वेळ मिनिटांत मोजायची. नेट तोडा आणि मोबाइल डेटावरून बँकेला फोन करा. नंबर पासबुकावरचा किंवा कार्डामागचा घ्या, गूगलमधला नको. पैसे गेले असतील तर लगेच १९३० हा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक लावा. पैसे पुढच्या खात्यांतून काढले जाण्याआधी तिथेच गोठवता येतात, म्हणून उशीर परवडत नाही. तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इनवर नोंदवा, तिचा क्रमांक आणि बँकेला कळवल्याची वेळ वहीत लिहा, मेल उडवू नका, स्क्रीनचे फोटो काढून ठेवा. त्यानंतर दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून पासवर्ड बदला. पहिला मेलचा, कारण बाकी सगळ्या खात्यांची किल्ली तिथूनच मिळते, मग बँकेचे.

पासवर्ड बदलल्यावर लोक सुटकेचा श्वास सोडतात आणि एक गोष्ट राहून जाते. जीमेलच्या सेटिंगमध्ये ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर्स’ हे दोन भाग उघडून बघा. मिरजेतल्या एका दवाखान्यात पासवर्ड बदलून आठवडा झाला होता, तरी येणाऱ्या प्रत्येक मेलची प्रत एका परक्या पत्त्यावर जात होती, कारण तो पत्ता तिथे आधीच भरून ठेवलेला होता. असा पत्ता दिसला तर त्याचा फोटो काढा, मग तो काढून टाका, आणि गूगल खात्याच्या सिक्युरिटीमध्ये जाऊन अनोळखी उपकरणं एकेक करून साइन आउट करा.